साठातले एकोणीस

जपानी भाषा ही माझी सवत. कौतुकानं सांगत नाही मी हे. अकरा वर्षं तिला घरात नांदवली, तिच्या वह्यांवरची धूळ पुसली, तिच्यासाठी चहा उकळला, आणि तिनं माझ्यासाठी कधी इकडची काडी तिकडे केली नाही. वर ती माझ्या आधी आलेली. म्हणजे हिशेबानं सवत मीच!

नवरा म्हणजे महरूस. कैरोच्या उत्तरेला महल्ला शहरात, कालव्यापलीकडच्या खासगी गिरणीत विणकर. सतराव्या वर्षी मागावर उभा राहिला, आता अडतिसावं चालू आहे. जुन्या खात्यात धोट्याचे एकशेवीस माग आहेत, आणि ते सगळे एकदम सुरू झाले की भिंतीचा गिलावा खाली येतो. त्याचा बाप तिथंच राबून गेला, दोन्ही भाऊ तिथंच आहेत. गिरणीत त्याला 'गप्प महरूस' म्हणतात. बायका जिन्यात मला म्हणायच्या, "इन्शिराह, नशीबवान आहेस बाई. एवढी बडबडतेस, पण तुझा माणूस एका शब्दानं उलट बोलत नाही." मी वरवर नाक मुरडायचे आणि आतून फुगायचे. सोशिक नवरा मिळायला पुण्याई लागते, असं मला खरंच वाटायचं.

आता ती जपानी घरात आली कशी, ते सांगते. महरूस अकरा वर्षांचा असताना त्याच्या मामानं कुवेतहून एक वापरलेलं खेळाचं यंत्र आणलं आणि त्याबरोबर एकच कॅसेट. कॅसेटवर बोटीचं चित्र, आत सगळं जपानी. 'कामोमे-मारू' त्या बोटीचं नाव. बेटाबेटांवर टपाल पोचवत फिरते, वाटेत वादळं लागतात, चाचे येतात, बोटीवरचा म्हातारा आचारी सगळ्यांना रागवत जेवू घालतो. गल्लीतल्या पोरांनी दोन दिवस खेळून नाद सोडला, कारण काय चाललंय ते कुणाला कळेना. ह्यानं मात्र शाळेची वही घेतली आणि पडद्यावरचं एकेक अक्षर चित्रासारखं उतरवून काढायला सुरुवात केली. पुढे शेजारच्या तांता शहरातल्या जुन्या बाजारातून जपानी-इंग्रजी कोश आणला. त्यातलं इंग्रजी कळेना म्हणून इंग्रजी-अरबी कोश आणला. एका शब्दासाठी दोन कोश उलटायचे! असं त्यानं पोरवय घालवलं. त्या खेळात तोंडानं कुणी बोलत नसे. खाली चौकट उघडायची आणि तिच्यात अक्षरं टिकटिक करत उमटायची. म्हणजे ह्यानं जपानी वाचली भरपूर, ऐकली कधीच नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे शहाणे ह्याच एका गोष्टीला धरून बसले, आणि मीही त्यांच्यातच होते.

त्या खेळाचे आता नऊ भाग झालेत. मोरोक्कोपासून बसऱ्यापर्यंत त्याचे वेडे पसरलेत, चार हजारांवर आहेत म्हणे. स्वतःला 'खलाशी' म्हणवतात. नवा भाग आला की महरूस बसून त्यातलं सगळं बोलणं अरबीत उतरवून त्यांना देतो, आणि ते त्याला 'कॅप्टन' म्हणतात. आठ तास मागावर उभं राहून यायचं आणि पुढे हे काम. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! आमच्या न्हाणीघराचा दिवा महिनाभर बंद, आणि तिकडे चार हजार माणसं कॅप्टनच्या एका ओळीसाठी डोळे लावून बसलेली. मी स्वयंपाक करता करता तोंडाचा पट्टा सोडायचे. "कॅप्टनसाहेब, बोट बुडाली तरी चालेल, आधी दिवा लावा." तो आपला पडद्यात डोकं घालून गप्प. म्हटलं ना, सोशिक!

मीही त्याच गिरणीतली. लग्नाआधी घडीखात्यात होते, कापडाच्या घड्या घालायला. जुन्या खात्यात ओरडून उपयोग नसतो, ओरडलेलं स्वतःलाही ऐकू येत नाही. तिथं सगळे तोंड मोठं करून, आवाज न काढता बोलतात आणि समोरचा ओठ बघून समजतो. नवं माणूस महिन्याभरात शिकतं. मी तिथं कापड न्यायला गेले असताना चार मागांपलीकडून महरूसनं मला तसंच विचारलं होतं, "तुझ्या घरी कधी येऊ?" मी बोटांनी दाखवलं, शुक्रवारी. सगळ्या खात्यानं ते वाचलं आणि मुकादमानं टाळ्या वाजवल्या. टाळ्याही ऐकू आल्या नाहीत, नुसत्या दिसल्या.

तर तीन वर्षांपूर्वी गिरणीच्या नव्या खात्यात जपानी माग आले. एक दिवस त्यातला एक बंद पडला. पडद्यावर लाल अक्षरं, आणि पाच शिकलेली माणसं तोंड वासून उभी. महरूस तिथं पाण्याची बाटली भरायला गेलेला. जाता जाता म्हणाला, "सूत दमट आहे म्हणतोय तो, नवी कांडी लावा." लावली, माग सुरू. माग विकणाऱ्या कंपनीचे इंजिनियर वाएल कैरोहून आलेले होते, त्यांनी ह्याला बाजूला घेतलं.

"कुठं शिकलास?"

"बोटीवर, साहेब."

वाएलसाहेबांना वाटलं खलाशी होता वाटतं! मग सगळं कळल्यावर पोट धरून हसले आणि म्हणाले, "जपानी परीक्षेच्या दुसऱ्या पायरीचा कागद आण. फिटर म्हणून घेतो. एक वर्ष जपानला शिकायला, मग कैरोच्या कचेरीत. बायको-मुलगी बरोबर."

त्या दिवशी महरूस घरी पळत आला. पळत! मी त्याला पळताना कधी बघितलं नव्हतं. आणि अल्लाशपथ सांगते, त्या दिवसापासून सवत मला गोड लागायला लागली. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर, खिडकीसमोर गिरणीची भिंत. शुरूक, आमची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. तिच्या उशीवरसुद्धा सकाळी कापसाची तूस सापडायची. तिचे काका तिला लाडानं म्हणायचे, "आमची छोटी घडीवाली." माझ्या अंगावर काटा यायचा. ह्या भिंतीतून बाहेर जायला एकच दार होतं, आणि त्याची किल्ली ती परीक्षा.

परीक्षा वर्षातून एकदा, डिसेंबरात, कैरोला, रविवारी. आमचा रविवार कामाचा, म्हणून पाळी बदलून घ्यायची, मुकादमाची बोलणी खायची. पेपराचे तीन भाग, प्रत्येकी साठ गुणांचे. भाषा, वाचन आणि ऐकणं. तिन्हींत एकोणीस तरी हवेतच. दोनांत ढीगभर मिळवून तिसऱ्यात अठरा पडले तरी नापास.

पहिल्या वर्षी त्याला पडले अठ्ठावन्न, पंचावन्न आणि ऐकण्यात चौदा. दुसऱ्या वर्षी एकोणसाठ, सत्तावन्न आणि तेरा.

"अरे, मेहनत करून माणूस खाली कसा जातो?" मी विचारलं.

"जपानी माणसं शब्द चावून खातात," तो म्हणाला. "शब्दाची सुरुवात ऐकूच येत नाही. नुसती गुरगुर."

सगळ्यांनी एकच निदान केलं. मुका खेळ खेळून शिकलास, कान तयार नाहीत, ऐक, ऐकत राहा. मग तो कानात ती इयरफोनची बोंडं घालून ऐकायला लागला. एवढ्या मोठ्यानं, की जिन्यातल्या बायकाही दोन शब्द जपानी शिकल्या. पालथ्या घड्यावर पाणी! त्याच सुमारास खेळाचा नववा भाग आला, आणि तो पहिल्यांदाच बोलका. सगळी पात्रं तोंडानं बोलणारी. बहुतेक ठिकाणी खाली अक्षरं होती, पण वादळात म्हातारा आचारी डेकवर येऊन काहीतरी ओरडतो तिथं नाहीत. चार हजार खलाशी मागे लागले, कॅप्टन, तो काय म्हणतो सांगा! महरूसनं तो तुकडा साठदा ऐकला असेल. शेवटी लिहून दिलं, "घरी परत या रे पोरांनो." लोक रडले म्हणे. आठवड्यानं स्फाक्सच्या एका पोरीनं, जपानीत पदवी घेतलेल्या, लिहिलं की आचारी म्हणतो, "भात गार होतोय रे पोरांनो." मग जी धुळवड झाली! अर्धे म्हणाले कॅप्टनचीच ओळ चांगली. अर्धे म्हणाले कॅप्टनच्या कानात गंज चढलाय. महरूसनं ते पान उघडणंच सोडलं. मीही ठेवून दिली एक, "भात गार होतो हे बायकोलाच कळतं, कॅप्टनला कुठून कळणार?" तो भांडं विसळत होता, वर बघितलंसुद्धा नाही.

यंदा सप्टेंबरात वाएलसाहेबांनी स्पष्ट सांगितलं. "महरूस, हा डिसेंबर शेवटचा. कैरोत भाषा शिकलेली पोरं रांग लावून आहेत, मी जागा किती दिवस अडवू? निकाल जानेवारीत. एकोणीस पडले तर मार्चमध्ये तू विमानात."

तेव्हा मी पदर खोचला. म्हटलं, यंत्राचं ऐकून होत नाही ना, मग माझं ऐक. त्यानं जुन्या परीक्षांमधली संभाषणं अरबी अक्षरांत उतरवून काढली आणि मी ती रोज संध्याकाळी पाळीहून आल्यावर त्याला वाचून दाखवायला लागले, तो ऐकून जपानीत लिहायचा. जमिनीवर बुटकं जेवणाचं टेबल, एका बाजूला मी, समोर तो, मध्ये शेंगदाणे. मला एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता. आमच्या जिभेला 'प' नाही, मी सगळीकडे 'ब' म्हणायचे. शुरूक हसून लोळायची. "आई, जपानी लोक तुला ऐकून पळून जातील!" पण महरूस? बरोबर! दहातले नऊ बरोबर! फक्त 'म' आणि 'ब' मध्ये त्याचा घोटाळा व्हायचा. मी 'मारू' म्हटलं तर कधी 'बारू' लिहायचा. मी म्हटलं, माझीच जीभ जड.

काय ते तीन महिने होते! मी नापास झालेली बाई, आठवीत शाळा सुटलेली, आणि मी नवऱ्याला जपानी ऐकवते. दिवसभर कामं उरकून संध्याकाळची वाट बघायचे. घसा बसला तर बडीशेप उकळून प्यायचे. सासूबाईंना सांगितलं, मार्चमध्ये आम्ही नसणार. शुरूकचे जाड कपडे वेगळे काढून ठेवले. तिकडे थंडी असते म्हणतात.

परीक्षेला पंधरा दिवस उरले होते. शुक्रवार होता, सुट्टीचा. मी ओट्यापाशी उभी राहून कोबीची पानं उकडून त्यांत भात भरत होते. हात चिकट, वेळ वाया जायला नको, म्हणून प्रश्नाचा कागद समोरच्या भिंतीच्या फरशीवर ओला करून चिकटवला आणि तिथूनच वाचायला लागले. महरूस मागे टेबलाशी पेन्सिल घेऊन बसलेला. एक संभाषण वाचलं. दुसरं वाचलं. मागे अगदी सामसूम.

"लिहितोयस ना?" मी विचारलं.

उत्तर नाही. वळून बघितलं तर तो माझ्या पाठीकडे बघत, पेन्सिल हातात धरून, शाळेतल्या पोरासारखा शहाणा बसला होता.

"वाच की," तो म्हणाला.

"वाच की काय? दोन वाचून झाली!"

"हो का? लक्ष नव्हतं."

मला राग आला. पंधरा दिवस राहिलेत आणि ह्याचं लक्ष नाही! मी कांदा चिरायला घेतला, डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोक्यावरच्या ओढणीचं टोक नाकातोंडावरून बांधलं, कागद काढून कांद्याशेजारी ठेवला, त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि मुद्दाम ठणठणीत आवाजात वाचलं. त्यानं लिहिलं. शुरूकनं वहीत डोकावलं आणि खिदळली. तीन महिन्यांत तिला ती अक्षरं माझ्यापेक्षा चांगली यायला लागली होती. "बाबा, आईनं स्टेशन म्हटलं, तुम्ही घोडा लिहिलात!"

मी ओढणी खाली केली आणि तेच वाक्य परत वाचलं. हळू, नेहमीच्या आवाजात. त्यानं लिहिलं. शुरूकनं बघितलं. शेवटच्या टिंबापर्यंत बरोबर.

"कांद्यानं डोळे चुरचुरतायत," महरूस म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

मी तिथंच खाली बसले. कांदा होताच, त्यामुळे पोरीला काही सांगावं लागलं नाही. 'म' म्हणा, 'ब' म्हणा, आरशात बघा. ओठ सारखेच मिटतात. मला माझ्या जिभेची लाज वाटत होती, आणि तो माझा आवाज ऐकतच नव्हता. तो मला वाचत होता. गिरणीत सगळ्यांना वाचतो तसा. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलणारे, सगळे गिरणीवाले, समोरासमोर बसून हातवारे करणारे. कुणाला कशाला कळतंय?

संध्याकाळी शुरूक गणित करत बसली होती. तिला विचारलं, "साठ प्रश्न असले, प्रत्येकाला चार उत्तरं, आणि डोळे मिटून खुणा केल्या, तर किती बरोबर येतील?"

"पंधरा," ती म्हणाली. "सोप्पं आहे. का?"

चौदा. तेरा. माझ्या माणसानं दोन वर्षं डोळे मिटून खुणा केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दवाखान्यात गेले. अतियात नर्स तिथं वीस वर्षं आहे, माझ्या आईच्या ओळखीची. तिनं महरूसचं कार्ड काढलं. दर वर्षाच्या रकान्यात लिहिलेलं, 'कान उत्तम'.

"मावशी, हे कसं तपासता?"

"कसं म्हणजे? समोर बसवते आणि विचारते, महरूस, ऐकू येतं का? तो म्हणतो येतं. मग काय लिहू?"

मी डोक्याला हात लावला. अतियातमावशीनं दार लोटलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. "ऐक पोरी. जुन्या खात्यात ज्याला नीट ऐकू येतं तो नवा. तुझा एकटा नाही. पण कागदावर आणू नकोस. कागदावर बहिरा झाला की मागावरून काढून आवारात झाडू देतील हातात. आणि तिथं राहिला, तर उरलंसुरलंही जाईल. आता तूच ठरव."

काय ठरवू? इकडे आड, तिकडे विहीर! गिरणी कान खाते म्हणून गिरणीतून सुटायचं, आणि सुटायच्या दारावर उभा राहून कुणीतरी म्हणतो, आधी कान दाखव.

मग परीक्षेच्या ओळखपत्रावर नंबर होता तिथं फोन केला. एक मुलगी बोलली, फार गोड बोलली. म्हणाली, ऐकू न येणाऱ्यांसाठी वेगळी सोय होते, जरूर होते, पण अर्ज भरतानाच कळवायचं असतं, डॉक्टरच्या कागदासकट. यंदाची मुदत सप्टेंबरात संपली. "पुढच्या वर्षी नक्की कळवा हं," ती म्हणाली. पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी ती जागा कुठं, आणि ह्याचे कान कुठं.

त्याला सांगायला माझी जीभ रेटेना. तीन महिन्यांत त्याची पाठ ताठ झाली होती, मुकादमाला दोनदा उत्तर दिलं होतं त्यानं. ते कसं मोडू? मी पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसले, तोंड नीट उघडून वाचलं, आणि दहातले नऊ बरोबर आले की "वाहवा!" म्हटलं. आयुष्यात एवढं खोटं कधी बोलले नव्हते. तोही हसायचा. मला वाटायचं, बिचारा!

रविवारी पहाटे गाडीतळावर गेलो. कैरोच्या छोट्या गाड्या तिथून भरल्या की सुटतात. गार वारा सुटला होता, त्यानं लोकरी टोपी कानावर ओढली होती. कान झाकून ऐकायच्या परीक्षेला चाललेला माझा नवरा! समोर बघून बोलायचा धीर नव्हता, पण न बोलताही राहवेना. मी ओढणी तोंडावर ओढली आणि तिच्या आडून म्हटलं, "जाऊ नकोस रे. तुला ऐकू येत नाही."

"हो, हो," तो म्हणाला. "पोचलो की मेसेज टाकतो."

बाई गं!

तो दोन पावलं गेला, थांबला, परत आला. एका बोटानं माझ्या तोंडावरची ओढणी खाली केली.

"आता बोल."

"काही नाही. जपून जा म्हटलं."

"जपून जा म्हणायला तोंड झाकत नाही कुणी." तो माझ्या ओठांकडे बघत होता. नेहमीसारखाच. फक्त मला आता कळत होतं तो काय बघतो ते. "कांद्याच्या दिवशी तुला कळलं. हो ना?"

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच परीक्षेत. आवाज भिंतीवरच्या डब्यातून येत होता. आजूबाजूचे सगळे एकदम पान उलटायचे. त्यांचं बघून मी उलटायचो."

"आणि मला सांगितलं नाहीस? दोन वर्षं?"

"सांगून काय केलं असतंस? शेजारणीला सांगितलं असतंस, तिनं नवऱ्याला, नवऱ्यानं मुकादमाला." खोटं नव्हतं ते. "चार गोळे असतात, इन्शिराह. एक काळा करायचा. बसलं नशीब तर एकोणीस. लोकांना लॉटऱ्या लागत नाहीत?"

मग माझा ताबा सुटला. त्या गाडीतळावर, चार माणसांत, मी त्याच्यावर ओरडले. "मग तीन महिने माझा घसा कशाला कोरडा केलास? खुळी समजलास का मला? मी बडीशेप पिऊन पिऊन वाचतेय, आणि तुला ठाऊक होतं की उपयोग शून्य!"

त्यानं टोपी काढून हातात चुरगाळली.

"तू चुलीकडे तोंड करून बोलतेस," तो म्हणाला. "झाडताना बोलतेस, दोरीवर कपडे घालताना बोलतेस. खूप बोलतेस एवढं दिसतं मला, खांदे हलतात तुझे. ह्या तीन महिन्यांत रोज तासभर माझ्याकडे तोंड करून बोललीस. जपानी का असेना."

अकरा वर्षं. दिव्यावरून काढलेली उणीदुणी, त्याच्या आईवरून मारलेले टोमणे, भात गार होतो ते, सगळं मी भिंतीला ऐकवत होते. आणि मनात आलं, दोन-चारदा चांगलंही बोलले होते मी. शुरूक झाली तेव्हा, त्याच्या बापाच्या माघारी. तेही पाठमोरीच. तोंडावर गोड बोलायची लाज वाटते मला, काय करू!

"कैरो! कैरो! एकच जागा!" ड्रायव्हर ओरडत होता. महरूस माझ्याकडे बघत उभा होता, त्याला ते ऐकू आलं नाही. मी त्याच्या बाहीला धरून त्याला गाडीकडे वळवलं. खिडकीतून त्यानं वाकून बघितलं, तेव्हा मी त्याला दोन शब्द सांगितले, गिरणीतल्यासारखे, आवाज न काढता. कोणते ते तुम्हाला कशाला सांगू? त्याला कळले.

जानेवारीच्या शेवटी निकाल लागला. संगणकावर आकडा टाकायचा, पान उघडतं. महरूस पाळीहून येऊन नुसता उभा होता, खुर्चीवर बसेना. "तुम्ही बघा," म्हणाला आणि गच्चीत जाऊन दोरीवरचे कपडे काढायला लागला, आमच्याकडे पाठ करून. शुरूकनं आकडा टाकला. भाषा साठ, वाचन अठ्ठावन्न.

"आई..." ती म्हणाली.

मी बघितलं. मग शुरूकनं मान वर करून बापाला हाक मारली, "बाबा, अठरा!" परत मारली, मोठ्यानं. खालच्या मजल्यावर खिडकी उघडल्याचा आवाज आला. तो चादरीची घडी घालत होता, टोकाला टोक लावून, सावकाश.

मग मी उठले. गच्चीत गेले, दोरीखालून वाकून त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि मला ते नीट ओठ उघडून, हळू, त्याला वाचता येईल असं सांगावं लागलं.